एक स्थानिक ग्रामस्थ

पेन मागितलं तर संगमेशकाका द्यायचे, पण टोपण स्वतःच्या खिशात ठेवून घ्यायचे. टोपण आपल्यापाशी असलं की पेन परत येतं, असं त्यांचं म्हणणं. बसमध्ये तिकीट घड्याळाच्या पट्ट्याखाली सरकवायचे. हॉटेलात चहा आला की आधी वास घ्यायचे. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी तिचं दार आत उघडतं की बाहेर ते बघायचे, आणि मगच चपला काढायचे. फोन उचलला की पहिल्यांदा त्यात फुंकर मारायचे, माईक तपासतात तशी. कुणी कौतुक केलं तर आपल्या मागं दुसरं कुणी उभं आहे का, म्हणून वळून बघायचे. आणि कुणी विचारलं, "काका, त्या रात्री काय झालं होतं?" की सदरा खाली ओढून ताठ बसायचे आणि घसा साफ करायचे.

या सवयी सुकन्याच्या ओळखीच्या होत्या. शेवटच्या सवयीमागं काय आहे, हे तिला विष्णुपुरीच्या शिबिरात कळलं असं वाटलं. तेही चुकीचंच कळलं होतं.

संगमेशकाकांचा किल्लारीत लाउडस्पीकरचा धंदा. लग्न, बारसं, सप्ताह, ग्रामसभा, सगळीकडं त्यांचाच कर्णा. वासरू हरवलं, डोळ्यांचा डॉक्टर आला, कुणाची माती कितीला उठणार, हे गावाला त्यांच्या आवाजात कळायचं. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं. गल्ल्या सरळ झाल्या, घरांना नंबर आले. आवाज तेवढा जुना राहिला.

त्यामुळं बाहेरचं कुणीही चौकशीला आलं की गाव एकच बोट दाखवायचं. "संगमेशकडं जा. त्यो सांगतो." कॉलेजांच्या सहली यायच्या, पीएचडीवाले यायचे, कॅमेरेवाले यायचे. काका सांगायचे. "मी ढिगाऱ्याखाली होतो," इथून सुरुवात व्हायची. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग ते जायचे आणि काही महिन्यांनी कुठंतरी छापून यायचं. त्यात सगळं असायचं, फक्त संगमेशकाकांचं नाव नसायचं. एक स्थानिक ग्रामस्थ म्हणाले. गावातील एका रहिवाशाने सांगितले. एका पुस्तकात तर त्यांना शेतकरी केलं होतं.

"जिंदगीत नांगराला हात लावला न्हाई मी," काका म्हणायचे. "एका ओळीत शेतकरी झालो. सातबारा तेवढा द्यायचा राहिला त्यांचा."

सुकन्या लातूरची. नांदेडला मराठीत एम.ए. झाली आणि तिथंच एका क्लासमध्ये शिकवू लागली. काकांची आणि तिची गाठ लातूरच्या एका कार्यक्रमात पडली. ती सूत्रसंचालन करत होती, माईक काकांचा होता. "अक्का, माईक खायचा नसतो," ते स्टेजखालून म्हणाले. "जरा लांब धर." नंतर चहा पिताना ती किल्लारीच्या शिवम्माची नात निघाली. मग काय, मैत्रीच झाली. ती तिशीच्या अलीकडची, ते पन्नाशीच्या पलीकडचे. तिला पुस्तकांवर बोलायला माणूस हवा होता. त्यांना फसवणार नाही असा.

विष्णुपुरीला धरणाजवळ एका संस्थेनं शनिवार-रविवारचं निवासी लेखन शिबिर ठेवलं होतं. सुकन्यानं स्वतःबरोबर काकांचंही नाव दिलं आणि फोन केला. पलीकडून फुंकर आली.

"फुकट?" काकांनी विचारलं.

"हो काका. राहणं, जेवण, सगळं."

"आन् त्ये काय घेणार?"

"काही नाही."

"आमच्या गावाला येऊन काई न घेता गेलेला माणूस मी अजून बघितला न्हाई, अक्का."

"लिहिलेलं चांगलं उतरलं तर दिवाळी अंकात छापणार आहेत."

पलीकडून पुन्हा एक फुंकर आली.

"नावासकट?"

"नावासकट."

"आडनावासकट?"

काका आले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कुलूप. खोलीला कुलूप होतं, पण त्याची दुसरी किल्ली कुणाकडं असते हे कुणी सांगायला तयार नाही, असं त्यांचं म्हणणं. ऑगस्टचे दिवस होते. धरणाचे काही दरवाजे उघडले होते आणि पाण्याचा घोष सभागृहापर्यंत येत होता. काकांनी आधी त्या आवाजाकडं कान दिला, मग छताकडं पाहिलं आणि दाराजवळची खुर्ची धरली.

शिबिर घेणारे प्रेम सर नांदेडच्या कॉलेजात शिकवायचे. मऊ बोलायचे, कुणाला तोडायचे नाहीत. काकांना हेच खटकलं.

"लई गोड हाय माणूस," ते सुकन्याच्या कानाशी म्हणाले. "ध्यान ठेव."

सरांनी सांगितलं, लिहिलेल्या पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाका, म्हणजे सगळ्यांना वाचता येतील. सगळ्यांनी टाकले. काकांनी पानं घडी घालून बनियनच्या खिशात ठेवली.

"ग्रुपवर गेलं म्हंजे गेलं," ते म्हणाले.

"काका, इथं कुणी चोर नाही," सर हसले.

"तुमचं पुस्तक कवा यायलंय, सर?"

"पुढच्या वर्षी, बहुतेक."

"त्येच्यात आमी असणार का?"

सरांचं हसू जरा उशिरानं पुसलं गेलं. सुकन्याच्या शेजारी बसलेली बुद्धप्रिया पदर तोंडाला लावून खिदळली. ती रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क होती आणि कविता लिहायची. जेवणात भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "काका, मी तर माझ्या कविता लोकांना बोलावून देते. तरी कुणी चोरत नाही. तुमचं नशीब बघा."

"तुमची कविता तुमच्या नावावर हाय ना, ताई? मग घ्या जपून."

"नावावर आहे हो. मागणारं कुणी नाही."

काका पहिल्यांदा हसले. तरी जेवण होईपर्यंत एक हात छातीवरच होता.

दुपारी सरांनी विषय दिला. ज्या प्रसंगानं तुम्ही बदललात तो लिहा. कल्पना नको. पाहिलेलं, सोसलेलं. काका व्हरांड्याच्या टोकाला, भिंतीकडं तोंड करून लिहीत बसले. कुणी जवळून गेलं की तळहात कागदावर. चहा द्यायला आलेल्या बाईंनाही त्यांनी मागं उभं राहू दिलं नाही.

उन्हं कलली तेव्हा सगळे व्हरांड्यात गोल बसले. एकेकानं वाचलं. काकांची पाळी आली. त्यांनी सदरा ओढला, ताठ बसले, घसा साफ केला.

ते वाचायला लागले आणि धरणाचा आवाज ऐकू येईनासा झाला. मातीच्या भिंती, डोक्यावर आलेलं माळवदाचं छत, अंधार, तोंडात माती. हाक मारायला श्वास पुरत नाही. वर लोकांची पावलं वाजतात आणि लांब जातात. "एक हात मोकळा होता," काकांनी वाचलं. "हाताला काही लागेना. मग गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी ओढून काढली. दोरा तुटला. डबी शेजारच्या दगडावर वाजवत राहिलो. डबी चेपली तरी वाजवत राहिलो. वरून कोणीतरी म्हणालं, इथं वाजतंय. इथं खणा."

बुद्धप्रिया रडत होती. प्रेम सरांनी चष्मा काढला. "अंकात हाच लेख पहिला," ते म्हणाले. "संगमेश शिवप्पा भोसगे. पहिल्या पानावर."

काकांनी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

सुकन्या मात्र डबीपाशीच अडकली होती. ती डबी तिनं पाहिली होती. लातूरच्या घरी असली की आजीला अंघोळ घालताना रोज पाहायची. एका बाजूनं आत गेलेली, कोपरा दुमडलेला. सोनाराकडं द्यायचं नाव काढलं की आजी चिडायची. ती कशानं चेपली हे आजीनं कधी सांगितलं नाही. पण मागं एकदा तापात बडबडली होती. दगड, हात, वाजवत राहिले, दोरा तुटला. शुद्धीवर आल्यावर विचारलं तर म्हणाली, काहीतरी स्वप्न असेल.

म्हणजे काकांनी आजीची रात्र घेतली होती. तीस वर्षं तीच सांगत होते. ज्या माणसानं पानं बनियनमध्ये लपवली, त्याची पानंच दुसऱ्याची. सुकन्याला सगळं एकदम स्वच्छ दिसल्यासारखं झालं. ते खोलीचं कुलूप, ती भिंतीकडं केलेली पाठ. संशयी माणसाला इतरांचा संशय का येतो, ते आता कळलं, असं तिला वाटलं.

"काका," ती म्हणाली. "त्या रात्री तुम्ही गावात होता?"

प्रश्न सरळ होता. आवाज सरळ नव्हता. सगळे तिच्याकडं बघायला लागले. काकांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्यांना काय उमजायचं ते उमजलं.

"न्हाई," ते म्हणाले. "लातूरला होतो."

"म्हणजे?" सरांनी चष्मा पुन्हा घातला.

"गणपती बुडवायची रात होती. लातूरच्या एका मंडळाला माईक लावला होता. टेम्पोत झोपलो होतो."

बुद्धप्रियानं डोळे पुसून काकांकडं पाहिलं. मग सरच म्हणाले, "हरकत नाही. कथा म्हणून छापू."

"कथा न्हाई ती. झालेलं हाय."

"कुणाचं झालेलं?"

काकांनी कागदाच्या घड्या घातल्या, जुन्याच घड्यांवर, आणि बनियनच्या खिशात ठेवल्या. "छापू नका," ते म्हणाले आणि उठले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बघा, सकाळपासून दुसऱ्यांनाच चोर म्हणत होते." ते ऐकू गेलं असणार. त्यांचे कान माईकवाल्याचे होते.

सकाळी सुकन्यानं त्यांना धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर गाठलं.

"ते आजीचं आहे," ती म्हणाली.

"कुनी सांगितलं तुला?"

"का घेतलंत तुम्ही?"

"कुनी सांगितलं ते आधी बोल. शिवम्माकाकू सोताहून बोलल्या?"

"तापात बोलली होती."

"आजून कुनापाशी काढलंस का ह्ये?"

"भीती वाटते?"

"हाव," काका म्हणाले. "वाटती."

तिला हवं ते उत्तर मिळालं होतं. ती वळली आणि निघून आली.

दुपारी शिबिर संपलं. निरोप घेताना प्रेम सरांनी काकांचा हात हातात घेतला. ते खरंच भले माणूस होते. "अंक छापायला जायला अजून वेळ आहे," ते म्हणाले. "दोन पानं तुमच्यासाठी ठेवतो. तुम्ही कुठं होता, तेच लिहा. तुमचं स्वतःचं."

"माझं?" काका म्हणाले. "माझं कुनी इचारलंच न्हाई की आजवर. सगळे त्या रातीचंच इचारत्यात."

नांदेड-लातूर बसमध्ये दोघं होते. काका पुढं, कंडक्टरच्या शेजारी. सुकन्या मागं. लातूरला उतरल्यावर त्यांनी लांबूनच हात वर केला आणि औशाच्या बाजूची जीप शोधायला गेले. तिनं हात वर केला नाही.

घरी आजी मेथी निवडत होती. सुकन्यानं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"आजी, संगमेशकाकांनी तुझी गोष्ट चोरली."

"कंची?"

"डबीची."

आजीची बोटं थांबली. मग तिनं एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. "चोरली न्हाई," ती म्हणाली. "मीच दिली त्याला."

सुकन्या खाली बसली.

आजी सांगत गेली, मेथी निवडत निवडत. भूकंपानंतर सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. शेडमध्ये भिंत कसली, एकाचं रडणं दुसऱ्याच्या ताटात. सगळ्यांनी सगळ्यांना सगळं सांगून झालं. मग बाहेरची माणसं यायला लागली. विचारायची, लिहून घ्यायची. रोज उठून तेच सांगायला कुणाची ताकद होती? संगमेशचं घर गेलं, आई गेली, धाकटा भाऊ गेला, पण आवाज होता. मग सगळे म्हणाले, तूच सांग बाबा आमचं. तो सांगायला लागला. बापूरावाचं तोच सांगायचा, शिंप्याचं तोच सांगायचा, ओल्या बाळंतिणीचंसुद्धा. "मी" म्हणूनच सांगायचा. दुसऱ्याचं नाव घेतलं की ती माणसं त्या दुसऱ्याला धुंडत यायची ना.

"गावाला ठाऊक हाय की," आजी म्हणाली. "तुमालाच न्हाई ठाऊक."

"मग डबीचं कुणाला का सांगितलं नाहीस? आमच्यातसुद्धा?"

आजीनं गळ्याला हात लावला. "लिंग हाय माय ते. जिवंतपणी अंगावरनं काढायचं नसतं. मी दोरा तोडून दगडावर आपटलं. आन् तुजा आजा तितंच, हाताच्या अंतरावर गेला. लोक काय म्हणले असते? हिनं लिंग आपटलं, म्हणून कुंकू गेलं. मीच म्हणत होते की मनात."

संगमेशला तिनं एकट्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, काकू, माझ्यात टाका. सगळ्यांचं हाय तसं ह्ये बी. गावात बायकांनी, गड्यांनी खोदून खोदून विचारलं, डबीवालं कुणाचं रे? चहाच्या टपरीवर पैजा लागल्या. त्यानं पत्ता लागू दिला नाही. पुढं मठातल्या स्वामींच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावून घेतलं, ज्यानं कुणी हे केलं त्यानं प्रायश्चित्त घ्यावं म्हणाले. संगमेश म्हणाला, माझंच धरा. दिवस मावळेपर्यंत उपाशी बसला पायरीवर.

"गावाला माहीत होतं ना, तो लातूरला होता म्हणून?"

"होतं की. स्वामीस्नी बी होतं. त्ये काई बोलले न्हाईत. ह्यो उठला तवा त्याला सोताच्या हातानं पाणी दिलं."

सुकन्याला सकाळचा रस्ता आठवला. आजून कुनापाशी काढलंस का ह्ये? तिनं शिबिरात सगळ्यांसमोर विचारलं होतं. ती किल्लारीच्या शिवम्माची नात, हे तिथं निम्म्या लोकांना ठाऊक होतं.

"आजी, आता तुझ्या नावानं छापू," ती म्हणाली. "काका नाही म्हणणार नाहीत. आणि आता कोण बोलणार आहे तुला?"

"नगं."

"मग त्यांच्याच नावानं. मी सरांना सगळं सांगते."

"काय सांगतीस? कुणाचं ते?" आजीनं टोपली सरकवली. "नगं आता. तू वळखलंस, उद्या दुसरं कुणी वळखंल. ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी तिनं फोन लावला. फुंकर आली.

"काका, आजीशी बोलले."

"काकू रागावल्या का?"

"नाही."

"मंग बरं झालं."

"काका, मी..."

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं. "नांदेडला कवा जाणार?" तिला पुढं बोलू दिलं नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "सरांनी पानं ठेवली आहेत. तुमचं लिहा. नाव येईल."

"लिव्हायलोय," काका म्हणाले.

प्रेम सरांचे फोन येत राहिले. आधी काकांना, मग सुकन्याला. दर वेळी काकांचं उत्तर एकच. लिव्हायलोय. शेवटी छापखान्यात अंक जायच्या आठवड्यात ती जीपनं किल्लारीला गेली. काका दुकानात एका कर्ण्याची तार जोडत बसले होते. तिला बघून त्यांनी स्टूल पुसलं. समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. मग ॲम्प्लिफायरच्या मागून एक कागद काढला आणि, पहिल्यांदाच, झाकून न धरता तिच्या हातात दिला.

एकच पान होतं. अक्षर मोठं, सरळ.

"मी त्या रात्री लातूरला होतो. टेम्पोत झोपलो होतो. टेम्पो हलला तेव्हा वाटलं पोरं मस्ती करत आहेत. उजाडल्यावर कळलं. रस्त्यानं येताना ड्रायव्हर बोलत नव्हता. गावाजवळ टेम्पो थांबवला. मी खाली उतरलो. आधी"

त्याच्या पुढं काही नव्हतं.

"आधी काय काका?"

"तितंच अडून बसलंय," ते म्हणाले. "आधी घराकडं गेलो का आधी दुसऱ्या कुनी हाक मारली, त्येच ध्यानात येईना. घराकडं गेलो म्हणून लिव्हतो, तर वाटतंय ह्ये बापूरावाचं हाय. हाक ऐकली म्हणून लिव्हतो, तर शिंप्याचं. भाऊ कुठल्या बाजूला घावला, त्ये बी दुसऱ्याच कुनाच्या भावाचं असंल का, असं वाटतं. एवढ्या जणांचं सांगितलं, अक्का. माझं कुठलं, त्येचाच आता भरोसा येईना."

तिनं ते पान पुन्हा वाचलं. साहित्याची पदवी होती तिच्याकडं, पण हे कुठं शिकवलं नव्हतं.

"तुम्हाला कुणी पाहिलं असेल ना उतरताना? विचारू कुणाला तरी."

"ड्रायव्हर होता. गेला त्यो दोन सालामागं." त्यांनी कागद तिच्याकडून परत घेतला, "आधी"च्या पुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि उचललं. "आन् दुसऱ्याला इचारून लिव्हलं तर त्ये पुना दुसऱ्याचंच की."

तेवढ्यात एक माणूस बारशाचा माईक ठरवायला आला. काका उठले. किती कर्णे, बॅटरी लागेल का, कुठल्या गल्लीत, असं बोलणं चाललं. सुकन्या चहा घेत बसून राहिली. कागद ॲम्प्लिफायरवर उघडाच पडला होता.

दिवाळी अंक आला. प्रेम सरांनी ती दोन पानं शेवटपर्यंत धरून ठेवली होती, मग तिथं बुद्धप्रियाच्या कविता घेतल्या. सुकन्या अजून महिन्या-दोन महिन्यांनी किल्लारीला जाते. काका न मागता कागद दाखवतात. मध्ये एकदा "आधी" खोडून "मग" लिहिलं होतं. पुढच्या वेळी "मग" खोडलेलं होतं आणि "आधी" पुन्हा लिहिलं होतं.